सहा भक्ती पाणी

"साहेब, माझी उंची मोजता का?"

भरल्या ग्रामसभेत भक्तीनं विचारलं आणि मागच्या रांगेत सुकेशनी आणि बबितानं तोंडात ओढणी कोंबली. पैज त्यांचीच होती. भूजल खात्याच्या साहेबांना एवढं विचारलंस तर तुला उंटीण म्हणायचं बंद. नाही विचारलंस तर दहावी संपेपर्यंत उंटीणच.

साहेब सही करायच्या बेतात होते. वालूरच्या रस्त्यावरची दगडाची खदान मालकाला आणखी वीस फूट खोल न्यायची होती. खदानीचा पंप दिवसभर पाणी उपसून ओढ्यात सोडायचा. त्यानं गावच्या विहिरीला धक्का लागत नाही, एवढं साहेबांनी लिहून दिलं की मंजुरी पक्की.

"विहीर खाली गेली हो साहेब," चांगुणाबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. "पोहऱ्याला दोर पुरंना. दोनदा गाठ मारून वाढवलाय."

"मावशी, दोराचं काय घेऊन बसलात? माप बघा. खदान सुरू झाली त्या माघात पाणी सहा परसावर. या माघातही सहावरच."

साहेबांच्या कागदावर सहा परस होतं. गावात त्याला सहा भक्ती म्हणत. विहीर परसानं मोजायची, म्हणजे माणसाच्या मापानं. पण माणूस कुठला? चार वर्षांपूर्वी त्यावरून भांडण लागलं होतं. बालाजी ताडमाड, महारुद्र बुटका, दोघांची मापं जुळेनात. शेवटी भक्तीच्या अप्पांनी, बन्सीधरनी, तोडगा काढला. माणूस एकच ठेवायचा, कधी बदलायचा नाही. आणि विहिरीकाठच्या चिखलात हौसेनं झोपेल असा एकच जीव गावात होता. दोर पाण्याला टेकेपर्यंत सोडायचा, वर काढून जमिनीवर ताणायचा आणि कडेला भक्तीला झोपवून टाच ते डोकं खुणा करत जायचं. परवासुद्धा ती गणवेशासकट झोपली होती. आपल्या या इमानदार मापाचा अप्पांना लय अभिमान.

"भक्ते, खाली बस," अप्पा दबक्या आवाजात म्हणाले. आई, मनकर्णाबाई, पदराआड गेली.

साहेबांना मात्र गंमत वाटली. त्यांनी पिशवीतून टेप काढली. "ये बाळ. सही काय पळून जायली का?"

टेप टाचेपासून वर गेली. "पाच फूट तीन इंच."

"उंटीण," बबिता सवयीनं म्हणाली. सभा हसली. भक्तीही हसली, आणि मधेच थांबली. सहावीत शाळेत डॉक्टर आले होते, तेव्हा तिच्या कार्डावर चार फूट तीन लिहिलं होतं. याच दोघी तेव्हा तिला पावशेर म्हणायच्या. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. परत मोजलं.

"साहेब, सही करू नका."

"आता काय?"

"पहिल्यांदा मोजलं तवा मी सहावीत होते. चार फूट तीन. आता पाच फूट तीन. भक्ती सहाच भरल्या, पण एकेक भक्ती फुटानं लांब झाली. पाणी सहा फूट खाली गेलंय."

खदानीचा मुनीम तेवढा हसत राहिला. बाकी सगळे चांगुणाबाईंकडे बघायला लागले.

"म्हणजे माझा दोर खराच बोलत होता," त्या म्हणाल्या.

साहेब टेप घेऊन थेट विहिरीवर गेले. मागून अख्खी सभा. पाणी साडेएकतीस फुटांवर निघालं. चार वर्षांपूर्वीच्या सहा भक्तींचे होत होते साडेपंचवीस. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. आता वर्षभर दर सोमवारी विहीर टेपनं मोजायची, तोवर खदान एक इंच खोल जायची नाही. टेप त्यांनी गावातच ठेवली.

अप्पा विहिरीच्या काठावर बसून राहिले. "माणूस तर मी एकच ठेवला होता," ते पुटपुटले. "तो वाढायलाय, हे ध्यानातच आलं न्हाई."

"जाऊ द्या," आई म्हणाली. "सोमवारचं काम आपल्या थोरल्या मल्हारला सांगा. तो काय आता वाढत न्हाई."

भक्तीनं टेप उचलली आणि दप्तरात टाकली.

"अप्पा, आई, दोरावर झोपायला आता दुसरं कुणी बघा. सोमवारी मोजायला मी जाणार. आन् मी अजून वाढणार हाय."