अर्धं झाकण

आणखी एक मासा उलटा होऊन वर आला होता. मुलाने जाळी हळूच पाण्यात सोडली. काचेला लागून आवाज होऊ नये म्हणून त्याने श्वाससुद्धा रोखून धरला होता, कारण टाकीपासून हातभर अंतरावर पलंगावर आई झोपली होती. सून दाराशी वाडगा घेऊन उभी होती. त्याने मासा काढला, तिने वाडगा पुढे केला.

नवराबायकोचा अबोला चालू होता. पाहुण्यांसमोर तो बोलून गेला होता, की या घरात मी लक्ष दिलं नाही तर आईकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. सुनेच्या ते जिव्हारी लागलं. पाहुणे जिना उतरेपर्यंत तिने कशीबशी कळ काढली आणि मग म्हणाली, ठीक आहे, यापुढे तुम्हीच बघा. तेव्हापासून जे काही सांगायचं ते भिंतीला. कुणीतरी दूध उघडं ठेवलंय. कुणाच्या तरी चपला मधे आल्यात. आईची सेवा मात्र दोघांपैकी एकानेही सोडली नाही. उलट दोघांना चेव चढला होता. त्याला तिला दाखवून द्यायचं होतं, तिला त्याला.

आणि आईचा जीव त्या टाकीत. नवरा गेल्यावर तिने हे बोटभर लांबीचे कॅटफिश पाळले होते. 'माझे मिशीवाले' म्हणायची त्यांना. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती पलंगावरूनच त्यांच्यावर पहारा ठेवायची. ते आजारी पडलेत हे ओळखलंही तिनेच. मिशा झिजल्यात, पोटाखाली लाल झालंय, म्हणजे वाळूत घाण साचलीय, असं तिने पडल्यापडल्या निदान केलं आणि फर्मान सोडलं. वाळू धुवा, पाणी बदला, टाकीखालच्या कपाटातलं औषध रोज घाला. पण बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्मंच. बाकीच्या माशांना झाकणभर चालतं, यांच्या अंगाला खवले नाहीत, औषध सरळ आत भिनतं. अर्धं झाकण म्हणजे अर्धं झाकण, असं तिने बोट नाचवून बजावलं होतं.

सुरुवातीला मासे जरा सावरल्यासारखे वाटले. मग एकेक जण कुशीवर पडायला लागला. कल्ले लटलट हलायचे, मधेच एखादा धडपडत वर यायचा, हवेचा घोट घ्यायचा आणि दगडासारखा खाली बसायचा. रोग बळावला, दुसरं काय. औषधात खंड पडता कामा नये.

मासे मलूल होत गेले तशी आईही. घास तोंडात राहायचा आणि डोळे मिटायचे. हाक मारली तर 'हं' म्हणायची, ते 'हं'सुद्धा अर्धवट. आजचं दुपारचं ताट तसंच झाकून ठेवलेलं होतं. तिने माशांची हाय खाल्लीय, याबद्दल मुलाच्या मनात शंका नव्हती. सुनेच्याही नव्हती. हे मासे वाचले तर आई उठून बसेल आणि पुन्हा सगळ्यांवर डाफरायला लागेल, एवढ्या एका आशेवर दोघंही टाकीभोवती घुटमळत होते.

आता टाकीत एकच मासा उरला होता. तोही कोपऱ्यात तिरका पडून धापा टाकत होता. निदान हा तरी वाचू दे, असं मनाशी म्हणत मुलाने कपाट उघडलं आणि बाटली उचलली. ती हाताला एकदम हलकी लागली. त्याने हलवून पाहिली. तळाशी थोडंसं डचमळलं, बस्स. त्या धक्क्यात तो भिंतीशी बोलायचं विसरला.

"यातलं औषध गेलं कुठे?"

"कुठे जाणार? आईंनी सांगितलंय तसं रोज संध्याकाळी अर्धं झाकण घालते मी," सून म्हणाली. "तुम्हाला कुठे सवड आहे?"

"मी सकाळी घालतो."

मासे रोगाने मेले नव्हते. बाटली त्याच्या हातून सुटली आणि पाणी बदलायला खाली ठेवलेल्या स्टीलच्या बादलीत धाडकन आपटली. त्या आवाजाने वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. दोघांनी दचकून पलंगाकडे पाहिलं.

आईची पापणीही हलली नाही.

सुटलो, असं त्याला वाटलं. तो खुर्चीत बसला. आपण दोघांनी मिळून तिचे मासे मारले, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं, असं तो पुटपुटला. उठल्यावर काहीतरी सबब सांगू, नाहीतर तशाच रंगाचे दुसरे आणू.

सुनेचं त्याच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ती अजून पलंगाकडेच बघत होती. पलीकडच्या खोलीत चमचा पडला तरी 'काय फोडलंस गं?' म्हणून ओरडणारी ही बाई. तिने वाडगा खाली ठेवला.

"अहो," ती म्हणाली. "डॉक्टरांनी आईंना झोपेची अर्धी गोळी सांगितलीय. ती तुम्ही देता?"

"मग कोण देणार? रोज रात्री जेवणाआधी. न चुकता."

ती जेवणानंतर देत होती.