ड्यूटी चार्ट

“रिंग जातेय, पण ताई उचलत नाहीये,” धाकटी म्हणाली. तिसऱ्यांदा.

“डोळा लागला असेल गं. झोपू दे की बिचारीला.” आईने तिच्या हातातला फोन काढून घेतला आणि पर्समध्ये टाकला. डॉक्टरांच्या दारासमोरच्या बाकावर त्यांच्या पुढे आता एकच नंबर उरला होता.

आई इस्पितळात वॉर्डची मुख्य सिस्टर. तीस जणींच्या ड्यूट्या लावता लावता केस पिकलेले. नव्या पोरींकडून ती एकच गोष्ट घोकून घ्यायची: जो पेशंट ओरडत नाही, त्याच्या खाटेकडे आधी जा.

दीड महिन्यापूर्वी मुलींच्या टेबलाच्या खणात तिला चिठ्ठी सापडली. खाली नाव नव्हतं. ‘माझं एका मुलीवर प्रेम आहे. बाबांना हे कधीच चालणार नाही. मला आता जगायचं नाही.’ दोघींचं अक्षर सारखंच; हात धरून आईनेच गिरवून घेतलेलं. तिने दोघींना समोर उभं केलं. सतरा वर्षांची मोठी पांढरीफटक पडली. पंधराची धाकटी चटकन म्हणाली, “माझी आहे.”

बाबांनी घर डोक्यावर घेतलं. “असली थेरं आमच्या घरात? जरा ताईकडे बघून शीक!” मोठीने मान वर केली नाही.

आईला रडायलाही सवड मिळाली नाही. हिला एकटं सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिने फ्रिजवर ड्यूटी चार्ट चिकटवला. पण धाकटीचा एकच हट्ट, सोबतीला ताईच हवी. शेवटी सगळे रकाने मोठीच्या वाट्याला आले. तिने हूं की चूं केलं नाही.

आणि धाकटी तरी काय! ताईने घास घेतल्याशिवाय जेवायची नाही. ताई आंघोळीला गेली की दाराबाहेर बसकण मारून बडबडत राहायची. “शेपूट आहे नुसतं,” आई म्हणायची. पण पोरगी हसतेय, बोलतेय, हे बघून तिचा जीव भांड्यात पडायचा. मोठी मात्र वाळत चालली होती. पहाऱ्याचा शीण, आईला वाटलं.

म्हणून आज सकाळी तिने मोठीच्या रकान्यात ‘सुट्टी’ लिहिलं. धाकटी अडून बसली, ताई नाही तर मीही नाही. मोठीनेच तिला जवळ घेतलं. बराच वेळ सोडलं नाही.

“जा गं,” ती म्हणाली. “मी बरी आहे.”

नंबर लागला. डॉक्टर धाकटीशी अर्धा तास बोलले. तिची नजर सारखी घड्याळाकडे जात होती.

“छान सावरलीय मुलगी,” डॉक्टर आईला म्हणाले. “मुलीवर प्रेम असणं हा काही आजार नाही. वडिलांना घेऊन या एकदा, मी बोलतो त्यांच्याशी. पहारा आता थोडा सैल केलात तरी चालेल.”

आईचे डोळे भरून आले. “खरं श्रेय मोठीचं, डॉक्टर. दीड महिना हिच्यापासून हलली नाही पोर. आज पहिल्यांदाच घरात एकटी, निवांत आहे.”

धाकटीने आईच्या पर्समधून फोन काढला. नंबर लावला. बेल पूर्ण वाजून थांबेपर्यंत ती ऐकत राहिली.

“आई, घरी चल,” ती म्हणाली. “ती चिठ्ठी ताईची होती.”