एकशेवीसचा काटा
बीपीची यंत्रं दुरुस्त करणारा कारागीर प्रत्येक यंत्र शेवटी स्वतःच्या दंडाला बांधून तपासायचा. तरुणपणापासून त्याचं बीपी एकशेवीस, म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! यंदा मात्र हरेक यंत्राचा काटा पुढेच पळे. तो चरफडत स्क्रू पिळून त्याला एकशेवीसवर आणून ठेवी. आज दवाखान्यातली नर्स तणतणत आली. “काका, तुम्ही दुरुस्त केलेली सगळी यंत्रं तीस-चाळीसने कमी दाखवतात!” “माझ्या दंडाशी जुळवलीत, चुकतील कशी?” तिने नवंकोरं यंत्र त्याच्या दंडाला बांधलं. एकशेसाठ. त्याने दुसऱ्या हातावर मोजायला लावलं. पुन्हा एकशेसाठ. “रक्तवाहिन्या आतून ताठरायला लागल्या असतील, काका. दुखत नाही, म्हणून कळत नाही.” तेवढ्यात घरून बायकोचा फोन आला. “अहो, तुम्ही दिलेल्या यंत्रात महिनाभर माझं एकशेवीसच येतंय! मी बीपीच्या गोळ्या केव्हाच बंद केल्यात.”