लाल पेटी

एकाहत्तरची लढाई चालू होती. वडिलांच्या कारखान्यात नापास तोफगोळा लाल पेटीत वेगळा ठेवत. तसलीच पेटी घरीही होती. आमची कुत्री व्याली, तेव्हा सगळ्यात हलकं पिल्लू त्यांनी सवयीने तीत ठेवलं. “हे वाचत नाही. काहून जीव लावून राहिली?” “बापू, हा गोळा नाही. गारठलंय, म्हणून पीत नाही.” मी त्याला पोटाशी धरून आधी ऊब दिली, मग दांडग्या भावंडांना सारून आईच्या मागच्या, जास्त दुधाच्या सडाला लावलं. “बीएस्सी करून कुत्र्यांची दाई बनली,” बापू म्हणाले. “हो, बनले.” दर पाजायच्या वेळी मी तेच केलं. आठवड्याने ड्यूटीवरून आलेले बापू थबकले. दांडगा भाऊ ढकलत होता, पण माझं पिल्लू सड सोडत नव्हतं. बापूंनी दांडग्याला उचलून लाल पेटीत ठेवलं आणि कारखान्यातल्या हिंदीत त्याला म्हणाले, “रुको भैया. पहले इसको पीने दो.”