एकशे चौदा मूग

शाळेच्या ओट्यावर पाच मडकी होती. पहिल्यात एकशे एकाहत्तर मूग निघाले, दुसऱ्यात एकशे अठ्ठावन्न, तिसऱ्यात सत्तावन्न, चौथ्यात एकतीस, पाचव्यात सतरा. गुलाबरावानं बेरीज दोनदा केली. चारशे चौतीस. वाटले होते तीनशे वीस, आणि तेही त्यानंच मोजून.

मूग बोटांना चिकटत होते. कुणाच्या तळहाताचा घाम, कुणाच्या चंचीतली तंबाखू. त्यानं बोटं पायजम्याला पुसली. शिसारी गेली नाही.

वरवट बकाल गावात दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत हौशी मंडळींची नाटकं चालत. हंगाम संपला की गावच ठरवायचं, कोणतं नाटक पहिलं आणि कोणतं शेवटचं. वाचता येणारे थोडे, म्हणून मडक्यांवर चित्रं असत आणि माणशी एक मूग मिळे. जे आवडलं त्याच्या मडक्यात टाकायचा. पहिलं येणारं नाटक बुलढाण्याला, जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचं.

पहिल्या मडक्यावर धोतर काढलं होतं. म्हणजे उकंडरावाचं 'सासऱ्याचं धोतर'. उकंडराव भेंडी-वांगी पिकवायचा आणि हिवाळाभर लोकांना हसवायचा. त्याच्या नाटकात सासरा ताकात शिंकतो, जावई तेच ताक ओठ पुसत पितो, आणि माणसं मांड्या थोपटत लोळतात. गुलाबरावाला ते आठवलं तरी ताक नकोसं होई.

दुसऱ्या मडक्यावर काळा सूर्य होता. 'ग्रहणाचा दिवस'. ते गुलाबरावाचं. अकोल्याहून बी.एस्सी. होऊन तो गावच्या शाळेत मास्तर झाला आणि दोन वर्षं खपून त्यानं हे नाटक लिहिलं. त्याला ते बुलढाण्याला न्यायचं होतं. दुसरं काही त्याला हवं नव्हतं.

"एकशे चौदा मूग जास्त आहेत," तो जमलेल्या लोकांना म्हणाला. "कोणाच्या मडक्यात पडले, ते दिसतंच आहे."

"मास्तर," उकंडराव शांतपणे म्हणाला, "तुमच्या गिऱ्हनात आमची म्हातारी घोरून राह्यली होती. सूर्य सुटला तवा मीच उठवलं तिले. आता तिनं मूग कोनाले टाकाव?"

लोक हसले. सरपंच उत्तमरावही हसले. गुलाबरावाला त्या सगळ्या उघड्या, पान खाल्लेल्या तोंडांची किळस आली.

मडक्यांपाशी बसायला गावानं त्याच्या आईला, मनकर्णाबाईंना, नेमलं होतं. त्यांच्या शब्दावर गावाचा भरवसा. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "आई, उकंडरावांच्या कौशल्याबाई मडक्यांजवळ घुटमळल्या होत्या का?"

मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला. "आली असन. मले ध्यान नाही."

कौशल्याबाई बायकांत उभ्या होत्या. त्यांनी उकंडरावाकडे पाहिलं आणि खाली मान घातली. गुलाबरावाला पुरावा मिळाल्यासारखं वाटलं.

"हे तोंडानं ठरणार नाही," तो म्हणाला. "वाटलेले मूग सरपंचांच्या बियाण्याचे होते. त्यातले शंभर मी आधी भिजवून पाहिले आहेत. अठ्ठ्याण्णवांना मोड आले. चोरून टाकलेले मूग कुठल्या तरी डब्यातले, किडके, जुने असतील. पाचही मडक्यांतले मूग वेगवेगळ्या फडक्यात भिजवू. परवा सकाळी इथंच मोजू. आणि ज्याच्या मडक्यात खोट, त्यानं या गावात पुन्हा तोंडाला रंग लावायचा नाही."

"हाव," उकंडराव म्हणाला. "आताच्या आता फळ्यावर लिवा."

गुलाबरावानं खडूनं लिहिलं आणि खाली सही केली. उकंडरावानं अंगठा उमटवला.

सरपंचांच्या बियाण्याचे ते शंभर मूग त्यानं आठ दिवसांपूर्वी घरच्या ताटातच भिजवले होते. लांब पांढरे मोड पाहून मनकर्णाबाईंना तेव्हा हसू आलं होतं. "आपल्या मुगाले कधी येतीन असे? मी पडली भेकड. कीड लागू नये म्हून कढईत शेकून ठेवतो." गावातल्या बाकी बायका मुगाला राख चोळून ठेवत. मनकर्णाबाईंच्या घरी म्हणूनच वरण व्हायचं, उसळ कधी नाही.

आता सरपंचांच्या पडवीत पाच फडकी ओली करून टांगली गेली. घरी आल्यावर मनकर्णाबाईंनी मुलाला जेवायला वाढलं आणि चुलीपाशी बसून राहिल्या.

"कशाले भिजवलं रे गुलाब? झालं गेलं. जाऊ दे न त्याले बुलढान्याले."

"चोराला जाऊ देऊ?"

"त्याच्या घरात लेकरं हायेत. हासवते बिचारा लोकाइले."

"शिंकून हसवतो," गुलाबराव म्हणाला आणि ताट बाजूला सारलं. आईनंही ताकावर हसणाऱ्यांची बाजू घ्यावी, याचा त्याला वीट आला. "अन् तू त्या बाईला पाहिलं असशील, तर सांगायला हवं होतंस."

मनकर्णाबाई उठल्या आणि भांडी घासायला बाहेर गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेचं आवार भरलं. फडकी उत्तमरावांनी स्वतः आणली. मनकर्णाबाई आल्या नव्हत्या. धोतराचं फडकं सुटलं तेव्हा ओल्या मातीसारखा वास आला. मोड फडक्याच्या विणीतून आरपार गेले होते. ते सोडवायला वेळ लागला. मग सत्तावन्नांचं फडकं, मग एकतीसचं, मग सतराचं. सगळीकडे तोच वास.

सूर्याचं फडकं शेवटी सुटलं. आंबूस घाण आली आणि पुढच्या रांगेतल्या माणसांनी नाकाला उपरणं लावलं. मूग फुगून बुळबुळीत झाले होते. गुलाबरावानं एक उचलून बोटांत दाबला. साल सुटली. डाळीवर तांबूस डाग होता, तव्यावर पडतो तसा.

कुणी घाई केली नाही. त्यानं एकेक मूग बाजूला सारत ते सगळे मोजले. मग पुन्हा मोजले. उठून फळ्यापाशी गेला आणि आपल्या सहीखाली लिहिलं:

सासऱ्याचं धोतर: एकशे एकाहत्तरपैकी एकशे अडुसष्ट. ग्रहणाचा दिवस: एकशे अठ्ठावन्नपैकी त्रेचाळीस.