तळव्याची ऊब

"पोरी, आधी लेथ मशीनवर हात ठेव. बैल जुंपायच्या आधी त्याच्या पाठीवर ठेवत्यात, तसा." दस्तगीर मिस्त्रींचा हा आवाज पहिल्यांदा कानी पडला तेव्हा लहानगी कमल त्यांच्या वर्कशॉपात लोखंडाचा कीस झाडत होती. पुढे तिनं माणसाच्या हाताची लकब शिकणारे पोलादी यांत्रिक हात घडवले, आणि पहिली लकब घेतली ती मिस्त्रींचीच. आता देशभरच्या कारखान्यांत ते हात कामाला लागण्याआधी यंत्रावर क्षणभर तळवा टेकतात.

"मॅडम, लाखो हातांचे असे क्षण वाया जातात," इंजिनिअर केतकी म्हणाली. "नव्या हातांतून ही सवय काढून टाकू?"

कमलनं टेबलावरचा पेला उचलला. शेजारी बसलेल्या मिस्त्रींचे हात हल्ली इतके थरथरत, की चहाचा पेलाही तिलाच त्यांच्या ओठांशी धरावा लागे.

"काढ की," मिस्त्री हसले. "माझी खोड ती. यंत्राला काय माया कळतीया?"

"नाही काढायची."

"आगं, एवढी मोठी कारखानदारीण झालीस, आन् हट्ट अजून पोरीचाच!"

कमलनं पेला खाली ठेवला आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"आई गेल्यावर मला मायेनं कुणी शिवलंच नव्हतं, मिस्त्री. तुम्ही मात्र लेथच्याही आधी रोज माझ्या डोक्यावर हात ठेवायचात. जन्मभर तोंडानं मिस्त्री म्हणत आले, पण मनात मी तुम्हाला अब्बाच म्हणायचे."