चाकाखालची लिंबं

नारळ फुटला, नव्या गाडीच्या चारही चाकांखाली लिंबं ठेवून झाली आणि सासूबाईंनी किल्ली धाकट्या लेकाच्या हातात दिली. "पहिली फेरी याला मारू दे गं. नातू राहील माझ्यापाशी. पायांत बळ नाही, तिथं हौस कशाला?"

व्हीलचेअरवर बसलेल्या सुनेने मांडीवरचं बाळ आणखी जवळ घेतलं. भीती तिलाही होतीच. बाळ रडलं तर, मागून ट्रक आला तर, हे मनात सतत चालायचंच. म्हणून तर गाडी शिकताना तिने स्वतःला एकही चूक माफ केली नव्हती.

भाऊजी ऐटीत स्टिअरिंगमागे बसले. गाडी सुरू झाली, पण गियर पडेना. ते पायांनी खाली चाचपडत राहिले. "वहिनी, ब्रेक कुठंय? इथं नुसता पत्रा आहे!"

"पेडलं झाकून घेतली आहेत. माझे पाय अडकू नयेत म्हणून. स्टिअरिंगजवळची ती दांडी हाताने ढकलली की ब्रेक, ओढली की वेग. उतरा आता, नाहीतर आधी माझ्याकडे शिकवणी लावा."

शेजारी खदखदले. भाऊजी खाली उतरले. सासूबाई नाही हसल्या.

तिने बाळाला मागच्या सीटवर त्याच्या खुर्चीत बसवलं, पट्टा दोनदा ओढून पाहिला. मग हातांच्या जोरावर सरकत स्टिअरिंगमागे आली. सासूबाईंनी अजून मागचं दार धरूनच ठेवलं होतं.

"आई, काळजी वाटत असेल तर त्याच्याजवळ बसा. मलाही वाटते. पण दार सोडा."

दार मिटलं, तेव्हा सासूबाई आत होत्या. तिने दांडी अलगद ओढली. लिंबं चिरडली गेली.